‘पाना’ कुठे ठेवायचा

अंजली ओव्हाळ चाकणमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत टूलरूमला आहे. टूलरूममध्ये माल निघत नाही. ज्या साच्यांतून आणि हत्यारांतून माल निघतो, ती तिथे बनतात, घासली जातात, दुरुस्त होतात. डिप्लोमा करून ती लागली तेव्हा अख्ख्या खात्यात एकटीच बाई होती, आणि बाहेरून आलेला माणूस तिला स्टोअरची क्लार्क समजून चिठ्ठी पुढे करायचा. ती चिठ्ठी घ्यायची, स्टोअरला पोचवायची आणि परत आपल्या मशीनपाशी यायची. वाद घालण्यात तिला फारसा रस नव्हता. आता चाळिशी उलटून गेली आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि चिठ्ठी कुणी पुढे करत नाही.

आकुर्डीत खंडोबा माळाच्या मागच्या अंगाला तिचं घर. वडील जयसिंग पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. आई भिमाबाई जाऊन काही वर्षं झाली. लग्नाचा विषय घरात निघायचा तेव्हा निघाला, मग हळूहळू निघेनासा झाला, आणि त्याचं कुणालाच फार वाईट वाटलं नाही. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, सुट्टीला भाजी आणि धुणं. ब्राझीलमधल्या एका तांत्रिक शाळेत मुलं तिने लिहिलेला प्रोग्राम वापरतात, हे तिच्या शेजाऱ्यांना अजूनही ठाऊक नाही.

त्या प्रोग्रामचं नाव ‘पाना’.

त्याची सुरुवात झाली ती कंपनीने जुनी लेथ मशीनं मोडीच्या भावात काढली तेव्हा. मशीनं लोखंडाने खणखणीत होती, पण त्यांचा मेंदू जुना. नवीन जॉब, म्हणजे कापायचा नवा भाग, लावायचा तर त्याच्या सूचनांचा प्रोग्राम जाड केबलीतून कॉम्प्युटरवरून मशीनला पाठवावा लागे. ते पाठवणारं सॉफ्टवेअर एका विक्रेत्याचं होतं, एकाच कॉम्प्युटरला बांधलेलं, आणि तो विक्रेता कधीच दुकान बंद करून गेला होता. त्यातली दोन मशीनं निघोज्याच्या मालोजी येळवंडेंनी घेतली. जमीन एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या पट्टीवर त्यांनी वर्कशॉप टाकलं होतं. मशीन शेडमध्ये उतरवून घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ह्याच्याशी बोलायचं कसं, हेच आपल्याला माहीत नाही.

मालोजी सरळ कंपनीच्या गेटवर येऊन उभे राहिले. “ह्या मशीनवर ज्यानं काम केलंय असा कुणी मानूस हाय का आत?” असं त्यांनी वॉचमनला विचारलं. आतून अंजली बाहेर आली.

पुढच्या काही सुट्ट्या तिने निघोज्याला काढल्या. मशीन काय पाठवतं, काय मागतं, कुठे अडून बसतं, हे बघत बघत तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. दिसायला काही नव्हता; एक खिडकी, दोन बटणं. पण चालला. मालोजींकडे मशीनवर जॉब लावणाऱ्या सेटरने त्याला पाना म्हणायला सुरुवात केली, कारण हाताशी तो सारखाच लागायचा.

भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यांनी तो पेन ड्राइव्हवर नेला, त्यांच्याकडून आणखी कुणी नेला. वर्षभरात अंजलीला अनोळखी फोन यायला लागले. ज्या चुका तिने कधीच दुरुस्त केल्या होत्या, त्याच लोक पुन्हा पुन्हा सांगायचे, कारण प्रत्येकाकडे वेगळाच जुना पाना होता.

ह्यातून वाट काढली ज्ञानेशने. ज्ञानेश मूळचा परभणीकडचा, वाकडला राहणारा, आयटीतला. त्याचा मोठा भाऊ मालोजींकडे लेथवर होता, त्यामुळे त्याने पाना पाहिला होता. अंजलीहून तो सात-आठ वर्षांनी लहान, उत्साही आणि बोलका. त्याने तिला सांगितलं, “ताई, हे ओपन सोर्स करून टाका. म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कोड, सगळ्यांसमोर उघडा ठेवायचा. कुणीही वाचावं, वापरावं, सुधारावं. नवीन काही झालं की सगळ्यांना एकाच जागी मिळतं.”

“कुठली जागा?”

त्याने साइट दाखवली. परदेशातल्या एका बलाढ्य कंपनीची ती साइट. जगभरातले प्रोग्राम लिहिणारे आपला कोड तिथे ठेवतात. फुकट. कोड ठेवता येतो, कुणी काय बदललं त्याची नोंद राहते, आणि शेजारी ‘अडचणी’ मांडायला एक फलक मिळतो, जिथे कुणी प्रश्न टाकला की त्याखाली उत्तरं येत जातात. ज्ञानेशने एका बैठकीत सगळं मांडून दिलं.

आणि खरोखरच लोक आले. राजकोटचे किरीटभाई आले, ज्यांच्याकडे अंजलीने कधी पाहिलीही नव्हती अशी मशीनं होती. कोइमतूरहून एक जण आला. ब्राझीलचा शिक्षक आला. अंजलीचं इंग्रजी तुटक होतं. ती तुटकच लिहायची, आणि समोरचेही तुटकच लिहायचे, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. कुठल्या मशीनला केबलीतली कुठली तार उलटी जोडावी लागते, कुठलं मशीन पावसाळ्यात अर्धी ओळ गिळतं, कुठल्या बनावटीला पाठवण्याचा वेग कमी ठेवावा लागतो, असं सगळं त्या फलकावर साठत गेलं. खरं तर कोड लहानसाच राहिला. मोठा झाला तो फलक. तो वाचून माणसं आपापली मशीनं चालू करायची.

अशी काही वर्षं गेली.

एका मंगळवारी दुपारी अंजली कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसली होती, तेव्हा मालोजींचा फोन आला.

“ताई, नवा कॉम्प्युटर आनला. पाना उतरवून घ्यायचा व्हता, पर ते पान उघडतच न्हाई.”

“नेट बघा ना, मालोजीराव.”

“नेट हाय. बाकी समदं चालतंय. तिथं इंग्रजीत कायतरी लिवलंय. सूनबाई वाचून म्हनती, खातं बंद केलंय.”

अंजलीने मोबाइलवर पाहिलं. पान्याच्या जागी कोरं पान होतं आणि मधोमध एक ओळ: सेवेच्या अटींचा भंग झाल्याने हे खातं बंद करण्यात आलं आहे. तिने आपलं नाव घालून आत शिरायचा प्रयत्न केला. तिलाही तीच ओळ दिसली. ताटातली भाजी गार झाली, ती तिने गारच खाल्ली आणि ज्ञानेशला फोन लावला.

ज्ञानेश शांत होता. “त्यांच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीत काहीतरी अडकलं असेल, ताई. असं होतं. अर्ज करायचा, माणूस बघतो, सोडून देतात. आठवड्याभरात होईल.”

तिने अर्ज केला. उत्तर लगेच आलं: आपली विनंती मिळाली आहे. मग काही दिवस काहीच नाही. तिने पुन्हा लिहिलं, नेमक्या कुठल्या अटीचा भंग झाला ते सांगा, मी दुरुस्त करते. उत्तर आलं: आपली विनंती मिळाली आहे. फोन नंबर कुठे नव्हता. ज्ञानेशच्या ऑफिसातल्या कुणाचा कुणी त्या कंपनीत होता. त्याने विचारून पाहिलं आणि तो विभाग वेगळा आहे, एवढंच कळलं.

कोड हरवला नव्हता. अशा प्रोग्रामचा कोड काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण असतो, तसा तो अंजलीकडे होता, ज्ञानेशकडे होता, किरीटभाईंकडे होता. गेला होता तो फलक. त्याची प्रत कुणी ठेवली नव्हती. ठेवायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो तिथे होता, उघडला की दिसायचा.

दुसऱ्या एका गोष्टीचा तिने विचारच केला नव्हता. कोऱ्या पानावरची ती ओळ लोकांनी आपापल्या परीने वाचली. अटींचा भंग म्हणजे काय, तर ह्यात व्हायरस सापडला असणार, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं. ते फिरत फिरत एका मोठ्या कंपनीच्या ऑडिटरपर्यंत गेलं, आणि मालोजी त्याच कंपनीला माल देत असल्याने तो ऑडिटर नेमका त्यांच्या वर्कशॉपवर तपासणीला आला.

“त्ये म्हनत्यात, हे सॉफ्टवेअर काढा, न्हाईतर शेरा मारतो,” मालोजींनी सांगितलं. ह्या वेळी ते आकुर्डीला घरीच आले होते. जयसिंग त्यांच्यासाठी खुर्ची सरकवत होते. “आमी सांगितलं, आमच्या ताईनं केलंय. त्यो म्हनला, ताईंचं सर्टिफिकेट आना.”

अंजली म्हणाली, “काढून टाका.”

“आन मशीन?”

“जॉबचा प्रोग्राम मशीनच्या पॅनलवर हाताने भरायचा. वेळ जाईल, पण ऑडिट तरी होऊन जाऊ द्या.”

“तुमचा काय दोस न्हाई, ताई,” असं म्हणून मालोजींनी चहा संपवला. त्यानंतर कित्येक आठवडे त्यांचा सेटर मशीनपुढे उभा राहून ओळीमागून ओळ बोटाने भरत असे. एक आकडा चुकला की जॉब भंगारात. भंगारात गेलेले जॉब मालोजींनी अंजलीला कधी दाखवले नाहीत, पण एकदा शेडमध्ये गेली तेव्हा कोपऱ्यात पडलेले तिला दिसले.

तिच्या स्वतःच्या कंपनीतल्या आयटीवाल्यांनीही तिला बोलावून विचारलं, तुमचं बाहेर काही प्रकरण चालू आहे का. तिने जे होतं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्या साइटचं नाव घेऊ नका म्हणाले. तिने कधी घेतलंच नव्हतं, पण मान हलवली.

ह्या सगळ्यात ती रागावली का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. राग यायला समोर कुणीतरी लागतं. इथे समोर एक ओळ होती.

जयसिंगांना ही हकीकत तुकड्या-तुकड्यांनी कळत होती. एका रविवारी सकाळी त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, “अंजू, मला एकदा नीट सांग. ती जागा कुणाची?”

“त्या कंपनीची.”

“भाडं?”

“नाही. फुकट.”

“हं,” ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या कारखान्यात युनियनचं ऑफिस गेटच्या आत होतं. खोली कंपनीनेच दिलेली, पंखा कंपनीचा, फोन कंपनीचा. शिफ्ट सुटली की माणूस दोन पावलांत आत. युनियनचे सेक्रेटरी, त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, ते बाहेर खोली घेऊ म्हणून मागे लागलेले.

“आम्हीच नको म्हणालो,” जयसिंग म्हणाले. “म्हटलं, बाहेर कोण येणार? दिवसभर राबलेला माणूस तिकडं वाकडी वाट करून जाणार आहे का? आणि नव्हताच गेला कुणी. आतली खोली होती म्हणून तर युनियन वाढली. पुढे करार फिसकटला, टाळेबंदी लागली. एका सकाळी गेट बंद. सभासदांचे पत्ते आत, वकिलाला द्यायचे कागद आत, आणि आम्ही बाहेर मांडवात.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? मांडवात बसून एकेकाला विचारत गेलो. तुला काय आठवतं, तुझ्या घरी काय कागद आहे. कुणाकडे पगाराची चिठ्ठी, कुणाकडे जुनं पत्रक. गोळा होत गेलं. सगळं नाही झालं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “कंपनी वाईट होती असं नाही म्हणत मी. पंखा चांगला होता. खोली त्यांची होती, एवढंच.”

नंतर कपडे वाळत घालताना अंजलीच्या डोक्यात एक गोष्ट आली. फलकावर कुणी काही लिहिलं की त्या चर्चेतल्या सगळ्यांना त्याची ईमेल जायची. सगळ्या चर्चांच्या नाही, ज्याच्या त्याच्या चर्चांच्या. तिने हात पुसले आणि स्वतःची मेल उघडली. जुन्या ईमेल पडून होत्या. न वाचता, न खोडता.

त्याच दिवशी तिने किरीटभाईंना, कोइमतूरला, ब्राझीलला, जे जे आठवले त्या सगळ्यांना लिहिलं: तुमच्याकडे पान्याच्या ज्या ईमेल असतील त्या मला पाठवा. काहींनी लगेच पाठवल्या. काहींनी खोडून टाकल्या होत्या. किरीटभाईंनी फोन केला आणि हिंदीत सांगितलं की त्यांच्या मुलाने मेल भरली म्हणून साफ केली, पण स्वतःच्या मशीनांपुरतं त्यांनी कागदावर छापून भिंतीला लावलं आहे, त्याचे फोटो काढून देतो. मालोजींची सून विजयश्री वर्कशॉपचा हिशेब आणि कॉम्प्युटर बघायची. तिने स्वतःच्या वर्कशॉपच्या आणि भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांच्या मेल पालथ्या घातल्या. पाच-सहा सुट्ट्या अंजली आणि विजयश्री निघोज्याच्या शेडमागच्या खोलीत बसून ते तुकडे लावत होत्या. प्रश्न एकाकडे, उत्तर दुसऱ्याकडे. मधल्या ओळी कुणाकडेच नाहीत. बराचसा फलक उभा राहिला. जिथे राहिला नाही तिथे त्यांनी “इथले उत्तर मिळालेले नाही” असं लिहून ठेवलं.

हे ठेवायला अंजलीने भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला आणि त्यावर कोड व फलक मांडायचं एक मोफत मिळणारं सॉफ्टवेअर चढवलं. आता पान्याला स्वतःची जागा होती. जुन्या लोकांना तिने पत्ता कळवला. तिथून मालोजींनी नव्या कॉम्प्युटरवर पाना उतरवून घेतला. ऑडिट तोवर होऊन गेलं होतं.

स्वतःच्या जागेचे त्रास तिला लवकरच कळले. आधी जाहिरातवाले घुसले. फलकावर औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. मग कुठल्या कुठल्या कंपन्यांचे नेटवर फिरून सगळं वाचून नेणारे प्रोग्राम इतक्या वेळा दारावर यायला लागले की सर्व्हर झोपला. अंजली शिफ्टवर होती, फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर तिला कळलं की दिवसभर पाना कुणालाच मिळालेला नाही. तिने जे जे करता येतं ते शिकून घेतलं, पण नवीन माणसं येईनाशी झाली. आधी महिन्याला कुणी ना कुणी नवा डोकावायचा. आता जुनेच जुन्यांशी बोलत होते.

आणि अशात एक दिवस साइटवरचं खातं उघडलं. सोबत पत्र होतं: आपलं खातं चुकून बंद झालं होतं, गैरसोयीबद्दल दिलगिरी. काय चुकलं, कशामुळे, काही नाही. फलक जसाच्या तसा होता. ज्या ओळींच्या जागी त्या दोघींनी “मिळालेले नाही” लिहिलं होतं, त्या सगळ्या ओळी तिथे होत्या. अंजलीने सगळ्यांत आधी त्याची पूर्ण प्रत उतरवून घेतली. मग ज्ञानेशचा फोन उचलला.

ते वाकडला भेटले, ज्ञानेशच्या सोसायटीखालच्या हॉटेलात. बाहेर कॅबवाले हॉर्न वाजवत होते. ज्ञानेशने दोन चहा सांगितले.

“ताई, आता परत जाऊ,” तो म्हणाला. “झालं ते झालं. चूक होती, त्यांनी कबूल केली.”

“कसली चूक, ते सांगितलं नाही.”

“नाही सांगितलं. पण मला एक सांगा, तुम्ही शिफ्टवर असताना सर्व्हर पडला, तेव्हा किरीटभाईला काय सांगितलं तुम्ही? चूकच होती ना ती पण? त्यांच्याकडं रात्रंदिवस बघायला माणसं हायत. आपल्याकडं तुम्ही एकट्या.”

“विजयश्री शिकतेय.”

“शिकू द्या की. पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर? मी मेलो तर? साइट राहील. आणि नवे पोरं तिथंच शोधायलेत, ताई. त्यांना आपला पत्ता कोण देणार? तुमच्या जागेवर यायचं तर नवीन खातं काढावं लागतंय, तेवढ्यानंच निम्मे परत जायलेत. मी बघितलंय.”

अंजलीला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. अडचण तीच होती. ती म्हणाली, “त्यांनी पुन्हा बंद केलं तर?”

“तर पुन्हा अर्ज करू.”

“मालोजींच्या सेटरने बोटाने प्रोग्राम भरला, ज्ञानेश. त्याला अर्ज करता येत नव्हता.”

चहा आला. एक कप तिच्याकडे सरकवत ज्ञानेश म्हणाला, “तुम्ही त्या कंपनीवर चिडलात.”

“नाही. त्यांची जागा आहे, त्यांनी बंद केली, त्यांनी उघडली. मला एवढंच वाटतं की लोकांनी एकमेकांना जे सांगितलं, ते कुलपात जाऊ नये. कोड काय, सगळ्यांकडेच आहे.”

“मग सगळ्यांनाच विचारू,” ज्ञानेश म्हणाला. “पाना काय तुमचा एकटीचा राहिला नाही.”

हे तो भांडणाच्या सुरात म्हणाला नव्हता, पण अंजलीला लागलं. बसने घरी येताना तिने ते वाक्य बऱ्याचदा मनात फिरवून पाहिलं. त्यात वावगं काही सापडलं नाही.

सगळ्यांना विचारलं गेलं. एका रविवारी व्हिडिओवर जे जमू शकले ते जमले, बाकीच्यांनी लिहून कळवलं. अंजलीने आपली बाजू मांडली, ज्ञानेशने त्याची. किरीटभाईंनी अंजलीला मत दिलं; कोइमतूरच्याने ज्ञानेशला. ब्राझीलच्या शिक्षकाने लिहिलं की त्याच्या शाळेत ती साइट सोडून बाकी सगळं बंद आहे, त्यामुळे त्याला निवडायला काही उरत नाही. बहुमत परत जाण्याच्या बाजूने झालं, आणि ते निसटतं नव्हतं.

“ठीक आहे,” अंजली म्हणाली. “माझं एकच मागणं आहे. तिथला फलक, कोड, सगळं रोज आपल्या सर्व्हरवर उतरलं पाहिजे. तो माझ्याकडे राहू दे.”

ह्याला कुणाचीच हरकत नव्हती. ज्ञानेश स्वतःहून म्हणाला, उतरवण्याचा प्रोग्राम मी लिहून देतो. त्याने दिलाही, आणि चांगला लिहिला होता.

जयसिंग शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. बैठक संपल्यावर त्यांनी विचारलं, “हरलीस?”

“हरले.”

“मतं मोजली ना नीट?”

“हो.”

“मग चालायचंच,” ते म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

तेव्हापासून पाना परत त्या साइटवर आहे. ज्ञानेश त्याचं बघतो. नवीन माणसं पुन्हा यायला लागली आहेत, आणि त्यातली काही खरोखर चांगली आहेत. अंजली पूर्वीसारखंच तुटक इंग्रजीत उत्तरं देते. ज्ञानेशशी तिचं बोलणं आहे, पण आधी तो सहज फोन करायचा, आता आधी मेसेज टाकतो. खातं पुन्हा बंद झालेलं नाही. होईल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही, आणि अंजली त्याचा अंदाजही करत नाही.

तिने एक गोष्ट मात्र लावून धरली. नुसती प्रत असून भागत नाही, ती उभी राहते का ते बघितलं पाहिजे. म्हणून दर काही महिन्यांनी ती आणि विजयश्री निघोज्याच्या त्या खोलीत बसून एका रिकाम्या कॉम्प्युटरवर फक्त प्रतीवरून पाना पुन्हा उभा करतात. साइट आजपासून नाहीच असं धरून. पहिल्या खेपेला कोड आला, फलक आला, प्रश्नोत्तरं आली. विजयश्री एकेक चर्चा उघडत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

“ताई, इथं केबलीचा फोटो होता.”

फोटो नव्हता. पुढच्या चर्चेतही नव्हता. लिहिलेलं सगळं उतरलं होतं, पण लोकांनी चिकटवलेली चित्रं साइटवरच राहिली होती; ज्ञानेशच्या प्रोग्रामने त्यांचे नुसते पत्ते आणले होते. अंजलीने त्याला मेसेज टाकला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. “माझंच चुकलं, ताई. मी आज दुरुस्त करतो.” मग म्हणाला, “ह्याच्या आधी मी अशी तालीम कुठंच करून बघितली नव्हती. ऑफिसात पण नाही.”

“दर वेळी काहीतरी निघेल,” अंजली म्हणाली. “पुढच्या वेळी तू ये. गाडी घेऊन आलास तर म्हाळुंग्यावरून ये, इकडे चौकात ट्रक अडकतात.”

तो येतो म्हणाला. फोन ठेवून अंजलीने हरवलेल्या फोटोंच्या जागा विजयश्रीला दाखवल्या, आणि दोघी पुढची चर्चा तपासायला लागल्या. पलीकडे शेडमध्ये मालोजींनी सेटरला हाक मारली. नवा जॉब लागायचा होता.